घरचं ऑलिव्हचं झाड: तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

जूनच्या अंकात बाल्कनीतल्या झाडांबद्दल लिहिताना मी ऑलिव्हचा एका ओळीत उल्लेख केला होता, आणि तेव्हापासून जी पत्रं, मेसेज आणि फोटो यायला लागलेत ते अजून थांबले नाहीयेत. पावसाळा संपता संपता तर फोटोंचा पूरच आला, आणि त्यातले बरेचसे फोटो पिवळ्या पानांचे. म्हणून हा अख्खा अंक ऑलिव्हलाच देतेय. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत, पण ज्यांचे सारखेच होते त्यांनी आपापलं उत्तर यातच शोधावं. माझ्याकडे नाशिकला गच्चीवर सात वर्षांचं एक झाड आहे, त्याच्या आधीचं एक मी घालवलंय, तेही सांगते.

प्रश्न: ताई, मागच्या डिसेंबरात नर्सरीतून ऑलिव्हचं साडेतीन फुटी झाड आणलं, वरून छान गोल कापलेलं. मेपर्यंत एकदम झकास होतं. जुलैपासून पानं पिवळी पडून गळतायत, हात लावला तरी पडतात. मी वरची माती कोरडी दिसली की लगेच पाणी घालते, खत कमी पडलं असेल म्हणून युरियाही घातला, तरी फरक नाही. काय करू? (बाणेर, पुणे)

उत्तर: आधी पाणी थांबवा आणि युरिया तर अजिबात नको. तुमच्या फोटोत कुंडीच्या कडेला हिरवं शेवाळ दिसतंय आणि खालची ताटली पाण्याने भरलेली आहे, म्हणजे झाड तहानलेलं नाहीये, ते बुडतंय. ऑलिव्हचं मूळ गाव म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठचे डोंगरउतार, स्पेन, इटली, ग्रीस, सीरिया, पॅलेस्टाईन, तिकडे पाऊस पडतो तो हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपल्याकडे बरोबर उलटं. उकाडा आणि पाऊस एकत्र, चार महिने. या झाडाच्या मुळांना पाण्यासोबत हवाही लागते आणि आपल्या पावसाळ्यात कुंडीतली हवाच संपते, मग मुळं कुजायला लागतात, आणि कुजलेली मुळं पाणी उचलू शकत नाहीत म्हणून वरून पानं अगदी तहानलेल्या झाडासारखी दिसतात. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, तो अजून घालतो. माझं पहिलं झाड मी अशीच घालवून बसले, ऑगस्टच्या झडीत रोज सकाळी जाऊन प्रेमाने पाणी घालायचे, आणि गणपतीपर्यंत त्याच्या नुसत्या काड्या उरल्या. खूप वाईट वाटलं होतं, म्हणून तुम्हाला इतकं सविस्तर लिहितेय.

आता करायचं काय ते सांगते. पाऊस उघडलेला बघून झाड कुंडीतून अलगद बाहेर काढा, कुंडी आडवी करून कडेने हलके थोपटलं की मातीचा गोळा सुटतो. मग वास घ्या. चांगल्या मुळांना ओल्या मातीचा वास येतो, कुजलेल्यांना गटारासारखा येतो, तो लपत नाही. बोटाने मूळ ओढून बघा, वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्यासारखी शीर राहिली तर ते मूळ गेलेलं आहे. जिवंत मुळं पिवळट पांढरी आणि चिवट असतात, टोकाला शेवयांसारखी नवी पांढरी मुळं दिसली तर देवाला हात जोडा, झाड वाचणार. गेलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका. बहुतेक वेळा तुम्हाला मधोमध कोकोपीटचा चिकट गोळा सापडेल, नर्सरीवाले वजन हलकं राहावं म्हणून नुसत्या कोकोपीटमध्ये झाड वाढवतात, आणि तो गोळा पावसाळ्यात स्पंजासारखा पाणी धरून बसतो. तो हाताने हळूहळू सुटा करा, जमेल तितका काढा, पण सगळीच मुळं उघडी पाडू नका.

परत लावताना माती अशी करा: एक भाग लाल माती, एक भाग जाडी वाळू किंवा बारीक मुरूम, अर्धा भाग चांगलं कुजलेलं शेणखत. विटांचे तुकडे असतील तर त्यातच मिसळा, नुसते तळाला घालून फार उपयोग होत नाही, सगळीच माती मोकळी पाहिजे. कुंडी मातीची घ्या, भोक मोठं, आणि आधीच्यापेक्षा दोन इंचच मोठी, हंड्याएवढ्या कुंडीत छोटं झाड लावलं की पुन्हा ओल तशीच साठते. ताटली काढून टाका, कुंडीखाली दोन विटा ठेवा. लावल्यावर एकदाच भरपूर पाणी, मग बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, आत कोरडं लागलं तरच पुढचं. खत थेट फेब्रुवारीत, आजारी झाडाला खत म्हणजे तापातल्या माणसाला पुरणपोळी.

एक फोटो तुम्ही जवळून काढलाय, त्यात पानांवर गोल काळपट डाग आहेत आणि भोवती पिवळं कडं. हा बुरशीचा रोग आहे, मोरपिसातल्या डोळ्यासारखा दिसतो म्हणून त्याला इंग्रजीत मोराचंच नाव आहे. ओल्या हवेत येतो. पडलेली पानं गोळा करून फेकून द्या, कंपोस्टमध्ये नको. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम घेऊन उघडीप असताना पानांच्या खालून वरून फवारा. आमच्या भागातल्या द्राक्षवाल्यांना बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, सांगायला नको, तेच इथेही चालतं.

आणि पुढच्या वर्षी मे संपायच्या आत कुंडी छपराखाली पण उजेडात सरकवून ठेवा. पावसाळ्यापुरती त्याला थेट पावसाची गरज नाही.

प्रश्न: दादरला चौथ्या मजल्यावर दक्षिणेची बाल्कनी आहे, ऑलिव्हला चार वर्षं झाली, उंच झालंय, पानं भरपूर, पण एक फूल नाही. कोणी म्हणतं दोन झाडं लागतात, कोणी म्हणतं पोटॅश घाला. फळं येणार का नाही ते स्पष्ट सांगा. (दादर, मुंबई)

उत्तर: स्पष्ट सांगते, दादरला येणार नाहीत. पोटॅशनेही नाही आणि दुसऱ्या झाडानेही नाही. ऑलिव्हला फुलायला थंडी लागते, म्हणजे काही आठवडे सलग रात्री 10 अंशांच्या खाली आणि दिवसाही हवा बऱ्यापैकी गार. त्या थंडीत झाडाच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, ठरतं की यातून फांदी निघणार का मोहोर. मुंबईत जानेवारीत रात्री 16-17 अंश आणि दुपारी 30 च्या पुढे, झाडाला हिवाळा आला हेच कळत नाही, ते बिचारं पानंच काढत राहतं.

मग आपल्याकडे कुठे येतील? निफाडला पारा उतरला की आमच्या द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो, बागेत शेकोट्या पेटतात, ऑलिव्हला मात्र नेमकी तीच थंडी हवी असते. पण आमच्याकडेही दुपारी ऊन चढतंच. माझ्या झाडाला सात वर्षांत एकदाच मोहोर आला, फार कडाक्याचा जानेवारी गेला होता त्यानंतर, मार्चमध्ये पानांच्या बेचक्यात मोहरीएवढ्या हिरव्या कळ्यांचे घोस, मग चार पाकळ्यांची इवली पिवळट पांढरी फुलं. फळ एकही धरलं नाही. तिकडे मोठमोठ्या बागांतही शंभर फुलांतून एक-दोनच फळं टिकतात, आणि परागकण वाऱ्याने उडतात, मधमाशी लागत नाही, त्यामुळे एकट्या कुंडीतल्या झाडाची मी तक्रार करणार नाही. ती फुलं बघायला शेजारपाजारचे सगळे गच्चीवर येऊन गेले.

आपल्या देशात ऑलिव्ह खऱ्या अर्थाने जमवलं ते राजस्थानने. 2007-08 च्या सुमारास इस्रायलच्या मदतीने तिथून रोपं आणून सरकारी शेतांवर लावली, ठिबकवर वाढवली, आणि 2014 मध्ये बिकानेर जिल्ह्यात लुणकरणसरला तेलाचा कारखानाही सुरू झाला. तिकडे वाळवंटाची थंडी आहे, हवा कोरडी आहे, जमीन रेताड आहे. म्हणजे पाणी नाही म्हणून जी जमीन आपल्याला गरीब वाटते तीच या झाडाला मानवते.

नवीन झाड घेताना मात्र जात विचारा. आर्बेक्विना ही स्पेनमधल्या कॅटलोनियाची जात आणि कोरोनेइकी ही ग्रीसची, दोन्हीला थंडी त्यातल्या त्यात कमी लागते, आकार आटोपशीर राहतो, आणि आर्बेक्विनाला तर एकट्यानेही फळ धरतं. नर्सरीवाला नुसतंच इम्पोर्टेड आहे म्हणाला आणि जातीचं नाव सांगू शकला नाही तर भाव करताना ते लक्षात ठेवा.

तुमच्या दादरच्या झाडासाठी एवढंच म्हणेन की त्याच्या पानांसाठी त्याला ठेवा. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो तेव्हा बघा, पान वरून गडद हिरवं आणि खालून चांदीसारखं, वाऱ्यावर सगळं झाड रंग बदलतं. खारा वारा त्याला चालतो, तो काही त्रास नाही.

प्रश्न: कुडाळच्या एका नर्सरीतून ऑलिव्ह म्हणून रोप घेतलं, तीन वर्षांत दहा फूट झालं! पानं मोठी, आंब्याच्या निम्मी, आणि गळायच्या आधी लालभडक होतात. नेटवरच्या फोटोंशी काही जुळत नाही. फसवलं का मला? (सिंधुदुर्ग)

उत्तर: तुमच्याकडे आहे ते जलपाईचं झाड. बंगाल-आसामात जलपाई म्हणतात, श्रीलंकेत आणि केरळात घराघरात असतं, आणि इंग्रजीत त्याला सिलोन ऑलिव्ह म्हणतात त्यामुळे हा घोळ होतो. फळ दिसायला हुबेहूब हिरवं ऑलिव्ह, पण कूळ पूर्ण वेगळं. ओळखायची सोपी खूण सांगते. खऱ्या ऑलिव्हचं पान बोटभर लांब, चिंचोळं, कडक, कड अगदी सरळ, आणि फांदीवर पानं समोरासमोर जोडीने येतात. जलपाईचं पान रुंद, कडेला बारीक दाते, एकाआड एक येतं, आणि म्हातारं झालं की लाल होतं. जलपाईची फुलं पांढरी झालरीसारखी असतात, एकदा बघितली की विसरणार नाही.

नर्सरीवाल्याने मुद्दाम केलं असंही नसेल, त्यालाही त्याच नावाने आलं असेल. पण मला विचाराल तर तुमचं नुकसान काहीच नाही. तुमच्या पावसात खरं ऑलिव्ह टिकवताना नाकी नऊ आले असते आणि जलपाईला तोच पाऊस हवा असतो. फळं आंबट, लोणचं फार सुंदर होतं, डाळीत चिंचेऐवजी घाला. काढू नका ते झाड, माझी विनंती आहे.

आणि ऑलिव्हचं खरं नातेवाईक हवंच असेल तर ते तुमच्या अंगणातच सापडेल. मोगरा, जाई, जुई, पारिजातक, सगळी ऑलिव्हच्याच कुळातली. सह्याद्रीच्या जंगलात तर ऑलिव्हचा सख्खा चुलतभाऊ आहे, पारजांभूळ म्हणतात त्याला, महाबळेश्वरच्या रानात फिरताना तुम्ही त्याच्या सावलीत बसलाही असाल.

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही अश्दोदला राहतो, इस्रायल. आमचे आजोबा अलिबागजवळच्या गावातले, घरात अजून मराठी बोलतो, तुमचं मासिक माझी बहीण ठाण्याहून पाठवते. अंगणात जैतूनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, जुनं झाड आहे, दरवर्षी भरपूर धरतं, शेजारी येऊन नेतात. या वर्षी मला स्वतः मुरवायचे आहेत. एक तोडून खाल्लं तर जीभ जळाली इतकं कडू. आमच्या आईसारखं लोणच्याच्या मसाल्यात घातले तर चालतील का? (अश्दोद, इस्रायल)

उत्तर: तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू लोकांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, तेलाचा घाणा चालवायचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद म्हणून ते नाव पडलं, हे तुम्हाला मी सांगायला नकोच. आणि बघा ना, आपला तेल हा शब्द तिळावरून आला आणि इंग्रजीतला ऑइल ऑलिव्हवरून. तेल गाळणाऱ्यांच्या घरातल्या माणसाच्या अंगणात आज जैतूनाचं झाड आहे हे वाचून मला फार बरं वाटलं.

कडूपणाचं कारण म्हणजे त्यात ऑल्यूरोपिन नावाचं एक द्रव्य असतं, ते झाडावर पिकून काळं झालेल्या फळातही पुरतं जात नाही, म्हणून ऑलिव्ह सहसा झाडावरून तोडून तसंच खात नाहीत. ते पाण्यात किंवा मिठात उतरवावं लागतं. तुमच्याकडे तोडणी आता सुरूच होईल, तर पहिल्या वर्षी ठेचलेले हिरवे करा, सगळ्यात लवकर होतात.

फळं हिरवी, टणक, हाताने तोडलेली घ्या, खाली पडलेली नको. प्रत्येक फळ फिरवून बघा, टाचणी टोचल्यासारखं बारीक भोक किंवा तपकिरी डाग असेल तर आत ऑलिव्हच्या माशीची अळी असते, ते बाजूला टाका. मग पाट्यावर ठेवून वरवंट्याने एकच हलका ठोका, साल तडकली पाहिजे, बी फुटता कामा नये. जुना कपडा नेसून बसा कारण रस उडतो आणि डाग जात नाही. ठेचलेली फळं लगेच पाण्यात टाका नाहीतर हवेने काळी पडतात. वरून ताटली ठेवून बुडवून ठेवायची आणि पाणी रोज बदलायचं, सकाळ संध्याकाळ बदललंत तर अजून चांगलं. पहिले दोन दिवस पाणी तपकिरी येईल. सातव्या दिवसापासून एक एक चाखत जा, काहींना सात दिवस पुरतात काहींना दहा-बारा लागतात, थोडा कडवटपणा राहू द्या, तीच त्याची चव आहे, कारल्याचं कडू सगळं काढलं तर कारलं कशाला खायचं.

मग चिनी मातीची किंवा काचेची बरणी घ्या, ॲल्युमिनियमचं भांडं नको. लिटरभर पाण्याला 100 ग्रॅम खडे मीठ, आयोडीन नसलेलं, उकळून पूर्ण गार करा. बरणीत ऑलिव्ह, लिंबाच्या फोडी सालासकट, हिरव्या मिरच्या, लसणाच्या पाकळ्या घालून वरून हे पाणी आणि एका लिंबाचा रस. सगळं पाण्याखाली राहिलं पाहिजे, वर आलेल्याला बुरशी धरते, म्हणून एखादी जड वाटी ठेवा. फ्रीजमध्ये ठेवलंत तर निर्धास्त. दोन-तीन आठवड्यांत खायला येतात. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर चमच्याने काढून टाका, ते चालतं, पण वास बिघडला किंवा फळं बुळबुळीत झाली तर सरळ फेका, जीव तोडून केलंय म्हणून खाऊ नका.

आता आईच्या मसाल्याचं. मुरायच्या बरणीत मोहरीचा मसाला आणि तेल घालू नका, एक तर ते मिठाच्या पाण्याचं काम आहे आणि दुसरं म्हणजे तेलात बुडलेला लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं असतं. पण मुरलेले ऑलिव्ह जेवणापुरते वाटीत काढा, त्यावर मोहरीची डाळ, हळद, तिखट, हिंग आणि गार केलेली फोडणी. मी बाजारातल्या हिरव्या ऑलिव्हचं असं करून बघितलंय, भाताबरोबर कैरीच्या लोणच्यासारखं लागतं, फक्त मीठ वेगळं घालायचं नाही. आईची पद्धत वेगळी असेल तर मला लिहून पाठवा, मी छापीन.

तेल काढायचा विचार असेल तर एक लिटरला साधारण 5 ते 7 किलो फळं लागतात आणि घरच्या मिक्सरवर ते जमत नाही, जवळच्या घाण्यावर द्या. आणि या वर्षी भरपूर धरलंय तर पुढच्या वर्षी कमी धरेल, घाबरू नका, आपल्या आंब्यासारखंच हे झाड एक वर्षाआड भरतं, फळ येतं ते मागच्या वर्षी वाढलेल्या फांदीवर, आणि फळांनी लगडलेलं झाड नव्या फांद्या कुठून वाढवणार. छाटणी हिवाळा सरता सरता करा, मधली दाटी काढून, आत ऊन पोचेल एवढीच.

प्रश्न: पानांवर काळी काजळी जमलीय, पुसली तर चिकट लागतं, आणि खोडावर मुंग्यांची रांग. मुंग्यांची पावडर टाकली तरी परत येतात. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: मुंग्या चोर नाहीत, चोर वेगळा आहे. फांदीच्या खालच्या बाजूला आणि पानाच्या मधल्या शिरेवर बघा, मसुराच्या डाळीएवढे तपकिरी फुगीर ठिपके दिसतील, नखाने खरवडले तर निघतात. ते खवले कीटक. ते रस पितात आणि साखरेसारखं पाणी सोडतात, मुंग्या ते चाटायला येतात आणि त्यावरच काजळी वाढते. जुन्या टूथब्रशला साबणाचं पाणी लावून एक एक फांदी घासा, दुपार जाईल पण याला पर्याय नाही. मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण, संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. पिल्लं लहान असतानाच मरतात, म्हणून तीनदा. आतली दाट फांद्यांची गर्दी थोडी विरळ करा, वारा खेळला की हे परत येत नाहीत सहसा.

प्रश्न: घरात, हॉलमध्ये सोफ्याशेजारी ठेवायचंय, मासिकांत बघते तसं. चालेल ना? (हिंजवडी)

उत्तर: नाही चालत. रोज कमीत कमी सहा तास थेट ऊन लागतं, काचेतून गाळलेलं नाही. हॉलमध्ये महिना-दीड महिना तग धरतं, साठवलेल्यावर जगतं, मग आतली पानं गळायला लागतात. पाहुणे येणार असतील तर दोन दिवस आत आणा आणि परत उन्हात ठेवा.

प्रश्न: सोलापूरजवळ शेत आहे, काळी जमीन, बांधावर पन्नास ऑलिव्ह लावायचं म्हणतोय. (मोहोळ)

उत्तर: दादा, पन्नास नको. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते, दोन्ही वाईट. ऊन त्याला सोसतं, चुनखडीची जमीनही चालते, अडचण फक्त निचऱ्याची आणि थंडी कमी पडायची. दोन लावून बघा, उताराच्या टोकाला, दीड-दोन फूट उंच मुरमाचा वरंबा करून त्यावर, आणि खोडाशी पाणी साचू देऊ नका. तीन-चार वर्षं बघा आणि मगच पैसे घाला. उत्पन्नाच्या आशेने कोणी रोपं विकत असेल तर त्याला आपल्या जिल्ह्यातली फळ धरलेली बाग दाखव म्हणावं.

प्रश्न: मुलगा इटलीला आहे, दिवाळीला येताना तिथल्या झाडाची फांदी बॅगेत आणायला सांगू का? आणि बाटलीतल्या ऑलिव्हची बी रुजते का? (डोंबिवली)

उत्तर: फांदी आणू नका, कृपा करून. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसताना झाडाचा असा भाग देशात आणणं कायद्याने बंद आहे, आणि त्यामागे खरंच कारण आहे. इटलीच्या दक्षिणेला, पुलिया भागात, 2013 मध्ये झायलेला नावाचा जिवाणू सापडला, त्याने लाखो ऑलिव्हची झाडं वाळली, त्यात कित्येक शतकांची झाडं होती, आजोबा-पणजोबांनी लावलेली. त्यावर औषध नाही. याच जिवाणूचा दुसरा प्रकार द्राक्षालाही लागतो, आणि मी नाशिकची आहे, तेव्हा तुम्ही समजून घ्याल.

बाटलीतली बी रुजत नाही, मिठात आणि उष्णतेत तिचा जीव गेलेला असतो. ताज्या बियांपासून झालं तरी मूळ झाडासारखं होत नाही आणि फळाला दहा-दहा वर्षं लागू शकतात. रोप करायचंच तर इथल्याच ओळखीच्या झाडाची पेन्सिलीएवढी, अर्धवट जून फांदी घ्या, सहा इंच, वरची चार पानं ठेवून बाकी काढा, खालचं टोक रूटिंग पावडरमध्ये बुडवून वाळूत खोचा, वर प्लॅस्टिकची पिशवी. दोन महिने तरी लागतात. दहातल्या तीन-चार जगल्या तरी चांगलं जमलं म्हणायचं. रोज उपटून बघू नका.

प्रश्न: न्यू जर्सीला कुंडीत आहे, बर्फात बाहेर ठेवू का घरात घेऊ? (एडिसन)

उत्तर: जमिनीतलं मोठं झाड उणे सात-आठपर्यंत सोसतं, पण कुंडीत मुळांनाच थंडी लागते, तेव्हा पारा शून्याच्या फार खाली जायला लागला की आत घ्या. हीटरच्या खोलीत मात्र नको. खिडकी असलेलं गॅरेज किंवा थंड पोर्च, 5 ते 10 अंश, महिन्यातून दोनदा पाणी. ती थंडी त्याला फुलायला लागतेच, आम्ही इकडे तिच्यासाठी तरसतो. एप्रिलमध्ये बाहेर काढताना एकदम कडक उन्हात ठेवू नका, आठवडाभर सावलीतून सरकवत न्या.

प्रश्न: डिसेंबरात तीन आठवडे गावाला जाणार आहोत. शेजारच्या काकूंना रोज पाणी घालायला सांगितलंय, किती घालायला सांगू? (कोल्हापूर)

उत्तर: काकूंना मोगऱ्याला आणि तुळशीला रोज घालायला सांगा. ऑलिव्हला निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः भरपूर पाणी द्या, खालून वाहेपर्यंत, मग कुंडी दुपारचं ऊन जरा कमी लागेल अशा जागी सरकवा, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी एकदा एक तांब्या. बस. काकूंना हे नीट समजावून सांगा, कुंडीला चिठ्ठी लावली तरी चालेल, कारण त्या मायेने रोज घालतील.